सड्यावर चर खणण्यापूर्वी: कॅमेरा ट्रॅप लावावेत की पावसात चालावं?

तुमच्या गावच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर, किंवा डोंगरउतारावर जमीन सांभाळण्याचं काही काम निघालं आहे. समतल चर असतील, वसंत बंधारा असेल, वृक्षारोपण असेल, नाहीतर सगळ्या जागेला कुंपण घालून ती राखीव ठेवायची असेल. पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर तुम्ही आहात आणि बैठकीत कुणीतरी विचारलं आहे की या कामाने इथल्या धोक्यातल्या जीवांचं काय होईल. पैसे मोजके आहेत. अशा वेळी चर्चा बहुतेक दोन पर्यायांवर येऊन थांबते. एक, बाहेरची टीम बोलावून महिना-दोन महिने कॅमेरा ट्रॅप, म्हणजे समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे, लावायचे. दोन, गावातल्याच काही माणसांनी एखाद-दुसरा जाणकार सोबत घेऊन पावसाळाभर ठरलेल्या वाटेने चालायचं, चौकटी टाकायच्या, डबकी मोजायची. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात आमच्याकडे दोन्ही झालं आणि दोन्हीत मी होतो. खाली लिहिलंय ते अनुभवाचं आहे, शास्त्रीय तुलना म्हणून घेऊ नका. पण निवड करताना उपयोगी पडेल असं वाटतं.

काम चांगल्या हेतूचं आहे तर तपासायचं कशाला, असं म्हणणारे भेटतील. त्यांना राजस्थानातल्या भरतपूरची गोष्ट सांगावी. तिथल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात 1982 साली म्हशींची चराई बंद केली, ती पक्ष्यांच्या भल्यासाठीच. म्हशी गेल्या आणि पाणथळीत पॅस्पालम गवत माजलं. उघडं पाणी आक्रसलं, पाणपक्ष्यांची पंचाईत झाली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे वर्षानुवर्षं अभ्यास केला होता आणि चराईबंदीने अधिवासाचं नुकसान झालं हे त्यातूनच पुढे आलं. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर कासचं पठार आहे. तिथल्या कुंपणामुळे चराई थांबली आणि त्याचा फुलांवर काय परिणाम झाला, यावर साताऱ्यात बरीच वर्षं वाद चालला. जमीन वाचवायला निघालेल्या कामाने जमिनीवरचा जीव अडचणीत येऊ शकतो, एवढं मान्य असेल तर पुढचं वाचण्यात अर्थ आहे.

गोव्यात हा धोका माझ्या मते सड्यांना सगळ्यात जास्त आहे. मे महिन्यात सडा बघा. काळा पडलेला जांभा, करपलेलं गवत, गुरांच्या पायवाटा. कागदावर अशा जागेला पडीक म्हणतात, आणि पडीक म्हटलं की वनमहोत्सवाचे खड्डे तिथेच पडतात. ऑस्ट्रेलियन बाभळीची किती रोपं अशा माळांवर गेली असतील. चर खणायलाही ही जागा सोयीची, कारण मोकळी आहे, यंत्र नेता येतं, कुणाची काजू-बागायत आड येत नाही.

तोच सडा जूनच्या पावसानंतर बघितला तर ओळखू येत नाही. जांभ्याच्या खळग्यांत वीतभर पाणी साठतं आणि त्यात बेडकांची वीण सुरू होते. कुठे दोन बोटं तर कुठे तेवढीही नसलेली माती, पण तिच्यावर ऑगस्ट-सप्टेंबरात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू, कवला आपापल्या ठरलेल्या पट्ट्यात उगवतात. यातल्या सीतेची आसवं आणि दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पती. मातीत नत्र नसतं म्हणून त्यांनी ती सोय करून घेतलेली आहे. अशा ठिकाणी शेणखत घालून रोपं लावली की त्यांच्या जगण्याचं गणितच बदलतं. गोव्याच्या जांभ्याच्या पठारांवरून फेजरवार्या गोएमची ही बेडकाची नवी जात शास्त्राला कळली ती 2017 साली, म्हणजे अगदी अलीकडे. शेजारी आंबोलीचा टोड आहे, जो अतिसंकटग्रस्त गणला जातो. पहिल्या पावसात थोडेच दिवस, उथळ पाण्यात, सगळ्यांची एकदम वीण, अशी त्याची रीत. ते दिवस चुकले की वर्ष चुकलं.

सड्याच्या कडेला, जिथे पाणी झिरपून ओली माती आणि पालापाचोळा साठतो, तिथे देवगांडूळ असतं. बिनपायांचा, जमिनीखाली राहणारा उभयचर. बोंडल्यातून त्याची एक नवी जात 2004 मध्ये नोंदली गेली, केरीतून दुसरी 2007 मध्ये. केरीला आम्ही लहानपणापासून जातोय आणि आमच्या पायाखाली शास्त्राला माहीत नसलेला प्राणी होता. अशा जातींबद्दल माहितीच इतकी थोडी असते की धोक्यात आहे की नाही हे ठरवायलाही आधार मिळत नाही. फक्त संकटग्रस्त यादी समोर ठेवून कामाची तपासणी केली तर हे जीव पहिल्याच चाळणीत गळतात.

कॅमेऱ्याची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखर भक्कम आहे.

जंगलात रात्री कोण फिरतं हे माणसाला चालून कळत नाही. खवले मांजर मी आयुष्यभर जंगलाच्या कडेला राहून प्रत्यक्ष फारसं पाहिलेलं नाही. कॅमेऱ्यात ते आरामात वारुळ उकरताना दिसलं. खवले मांजर, कोळसून (रानकुत्रा) आणि वाघ, तिन्ही जागतिक यादीत संकटग्रस्त आहेत आणि तिन्ही माणसाला टाळतात. त्यांच्यासाठी कॅमेऱ्याला तोड नाही. देशाच्या 2018 च्या व्याघ्रगणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि 3 कोटी 48 लाखांहून जास्त फोटो आले. एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे काम करता येतं आणि दुसऱ्या माणसाला तेच फोटो पुन्हा तपासता येतात, ही मोठी गोष्ट आहे. माझ्या वहीतली नोंद तुम्ही तपासू शकत नाही.

शिवाय फोटोचं वजन असतं. म्हादई अभयारण्यातल्या गोळावलीत जानेवारी 2020 मध्ये चार वाघ विषाने मेले, त्याआधी आमच्या भागात वाघ फक्त वाट चुकून येतात असं ठासून सांगणारे होते. पुढे जुलै 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करायचा आदेश दिला. वाघ इथलाच आहे की पाहुणा, या वादात कॅमेऱ्याच्या पुराव्याला जी किंमत आहे ती कुणाच्या सांगण्याला नाही. ग्रामसभेतही हेच. मी गेंदाच्या फुलाबद्दल पंधरा मिनिटं बोललो तर लोक घड्याळ बघतात. खवले मांजराचा फोटो पडद्यावर आला की सगळे पुढे सरकतात.

काम कुंपणाचं असेल किंवा जंगलात पाणवठा बांधायचा असेल तर मी स्वतः कॅमेराच लावेन. कुंपणामुळे गव्यांची वाट अडते का, पिसोरी (छोटं हरणासारखं जनावर) कुठून आत येते, नव्या पाणवठ्यावर बिबट्या बसायला लागला का, हे प्रश्न जनावरांच्या हालचालीचे आहेत. काम सुरू होण्याआधी आणि संपल्यावर त्याच जागी, त्याच महिन्यात कॅमेरा लावला तर उत्तर बऱ्यापैकी स्वच्छ मिळतं.

बारीकसारीक तक्रारी आहेत. पावसात काचेवर वाफ धरते, डब्यात मुंग्या घर करतात, वाऱ्याने गवत हललं की कार्ड भरतं. जंगलात लाकडाला जाणाऱ्या बायकांचे फोटो निघतात आणि ते कुणाच्या तरी संगणकावर जातात. हे मला छोटं वाटत नाही, कॅमेरे लावण्याआधी वाड्यावाड्यावर जाऊन सांगायला हवं आणि माणसांचे फोटो कोण पुसणार हे लिहून घ्यायला हवं. अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याची परवानगी लागते, तिला वेळ लागतो. पण यातल्या कशानेही माझं मत फिरलं नाही.

मत फिरलं ते एका साध्या अडचणीने. कॅमेरा बांधायला झाड लागतं.

गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाटेकडे तोंड करून, जाडशा खोडाला पट्ट्याने आवळायचा, ही कॅमेऱ्याची पद्धत. सड्यावर खोड कुठलं? मधोमध एखादं करवंदीचं झुडूप, बाकी जांभा. लोखंडी कांब ठोकायची तर दगडाला भोक पाडावं लागतं. आमच्याकडे आलेल्या टीमने एक-दोन ठिकाणी दगड रचून कॅमेरे बसवून पाहिले. गुरांनी ते पाडले. दुपारी जांभा इतका तापतो की जनावराचं अंग आणि पाठीमागची जमीन यांच्या उष्णतेत फरकच उरत नाही, आणि कॅमेऱ्याचा सेन्सर तर त्या फरकावरच चालतो. शेवटी त्यांनी व्यवहारी निर्णय घेतला. सगळे कॅमेरे सड्याच्या कडेच्या रानात, झाडांना बांधले. त्यांना दोष देता येणार नाही, त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

अहवाल आला तेव्हा कडेच्या रानाची पानंच्या पानं होती. गवा, रानडुक्कर, साळिंदर, बिबट्या, फोटोंसकट. बहुतेक प्राणी गावाला आधीपासून माहीत होते. सड्यासाठी एक वाक्य होतं, तिथे वन्यजीवांचा वावर नगण्य आहे. आणि चर खणायचे होते ते सड्यावर. रानात कुणी कुदळ मारणार नव्हतं.

हे मला अजून सलतं. कॅमेऱ्याला जिथे बसता आलं नाही ती जागा अहवालात रिकामी ठरली. वाचणाऱ्या अभियंत्याला हे कळायला मार्ग नाही, कारण नकाशावर कॅमेऱ्यांचे ठिपके सड्याला वेढून छान पसरलेले दिसतात. कॅमेरे मार्चमध्ये लागले होते हीसुद्धा त्याला फक्त एक तारीख. समजा, सड्यावर मधोमध दहा कॅमेरे बसवता आले असते आणि पावसात टिकलेही असते, तरी बेडूक, देवगांडूळ, खेकडा हे थंड रक्ताचे जीव त्या सेन्सरला सहसा जाणवत नाहीत. फुलांचा तर प्रश्नच नाही. म्हणजे चर, खड्डे आणि बंधारे यांचा पहिला घाव ज्यांच्यावर बसतो, नेमके तेच जीव या पद्धतीत येत नाहीत. मोपाच्या पठारावरच्या विमानतळाचा पर्यावरण दाखला सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2019 मध्ये फेरविचारासाठी तज्ज्ञ समितीकडे परत पाठवला होता, अर्जात परिसराची माहिती नीट दिली नव्हती म्हणून. पुढे जानेवारी 2020 मध्ये स्थगिती उठली, ते वेगळं. पण पठार कागदावर कसं लिहिलं जातं यावर किती अवलंबून असतं, हे त्या प्रकरणात सगळ्यांनी पाहिलं. आपल्या गावचं काम तेवढं मोठं नाही आणि ते कोर्टात जाणारही नाही. म्हणून तर अहवालातलं एक वाक्य जास्त जपून लिहायला हवं.

आता चालण्याची बाजू.

पद्धत अवघड नाही. मे महिन्यात, जमीन उघडी असतानाच, सड्यावरच्या खळग्यांना क्रमांक द्यायचे आणि जांभ्यावर रंगाने लिहून ठेवायचे. पाईपाची एक मीटर लांब-रुंद चौकट करायची आणि ती कुठे कुठे टाकायची त्या जागाही तेव्हाच नक्की करायच्या, नाहीतर पावसात पाय आपोआप फुलांकडेच वळतात आणि सगळा सडा फुलांचा आहे असं चित्र तयार होतं. जिथे काम होणार आहे तेवढीच जागा पुरत नाही. जिथे काम होणार नाही असा जवळचा, तशाच उंचीचा, तशाच उताराचा तुकडाही घ्यायचा. पुढच्या वर्षी बेडूक कमी झाले तर चरांमुळे झाले की पाऊसच कमी होता, हे त्या दुसऱ्या तुकड्यावरून कळतं. पहिल्या पावसानंतर लगेच रात्रीच्या फेऱ्या, मग दर पंधरवड्याला दिवसाच्या, चवथ उलटून गेल्यावर गवत पिवळं पडेपर्यंत.

यात गावचं ज्ञान जे कामाला येतं ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. माटोळीचं, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या रानफळा-फुलांच्या चौकटीचं, सामान आणायला जाणारी माणसं आमच्याकडे अजून आहेत. कवंडळ कुठल्या कुंपणावर, फागलां कुठे, घागऱ्यो कुठल्या उतारावर आणि यंदा कमी का, हे त्यांना तोंडपाठ असतं. एखाद्या बाईने सहज सांगितलं की अमुक सड्यावर खड्डे पडल्यापासून तमुक फूल तिथे मिळत नाही, तर ती वीस-पंचवीस वर्षांची नोंद असते. गवळी-धनगरांना कुठलं डबकं किती दिवस टिकतं ते ठाऊक असतं, कारण गुरांना तिथे पाणी पाजायचं असतं. अळमी (वारुळावर उगवणारी अळंबी) काढायला जाणाऱ्यांना वारुळं माहीत असतात आणि जिथे वारुळं तिथे खवले मांजराची उकरलेली भोकंही दिसतात. पूर्वी बेडूक धरायला बत्ती घेऊन जाणारेही होते. आज तो गुन्हा आहे आणि तसाच राहायला हवा. पण आता ते सोडलेल्या माणसांना रात्री कुठे कोण ओरडतो हे जसं कळतं तसं मला अजून जमत नाही. आमच्या फेऱ्यांत अशा एका काकांनी आवाजावरून डबकं ओळखून आम्हाला बरोबर तिथे नेलं होतं.

हीच माहिती लोक जैवविविधता नोंदवहीत जायची असते. जैविक विविधता कायदा 2002 चा आहे आणि नोंदवही तयार करणं हे समितीचंच काम आहे. बऱ्याच गावांत ती एकदा लिहून कपाटात गेली आहे. चालण्याचा खर्च त्या नोंदवहीच्या कामात बसवता येतो का, हे आपल्या पंचायत सचिवांना आणि राज्य जैवविविधता मंडळाला विचारून बघा.

आम्हाला काय सापडलं? नवी जात वगैरे नाही. अहवालात जो भाग रिकामा होता तिथे बेडकांच्या पिल्लांनी भरलेले खळगे होते. गेंदाचे पट्टे होते. कडेच्या ओलीत पालापाचोळा उचलल्यावर देवगांडूळ मिळालं. कुठल्या जातीचं ते फोटोवरून नक्की करता आलं नाही आणि आम्ही ते जागच्या जागी सोडून पाला परत तसाच पसरला. चर खणायचे होते त्या ओळीने पाहिलं तर यातले बरेच खळगे चरात वाहून रिते झाले असते. चर पाणी अडवतो, मुरवतो, त्याचं कामच ते आहे. पण बेडकाच्या पिल्लाला पाणी मुरून चालत नाही. पाय फुटून बाहेर येईपर्यंत ते खळग्यात उभं राहावं लागतं.

अभियंत्याला शेवटी पटलं ते यामुळेच. आम्ही प्रत्येक खळग्यात पट्टी लावून पाण्याची खोली लिहीत होतो आणि पाऊस उघडल्यावर पाणी किती दिवस टिकतं तेही. फुलांची नावं त्याच्या उपयोगाची नव्हती, पाण्याचे आकडे होते. ती वही समोर ठेवल्यावर चरांच्या काही ओळी सड्याच्या माथ्यावरून खालच्या उतारावर, जिथे खरोखर माती वाहून जाते तिथे सरकवता आल्या. सगळ्या नाही. पण माथा बराचसा सुटला.

बंधाऱ्यांबाबतही चालणंच उपयोगी पडतं असं मला वाटतं. सत्तरीत बांबरला निरंकाराची राय, म्हणजे देवराई, आहे. रानटी जायफळाच्या कुळातली झाडं, चिखलातून वर आलेली गुडघ्यासारखी मुळं, बारमाही ओल. गोव्यातल्या मोजक्या जायफळ दलदलींपैकी ती एक, आणि देवाच्या नावाने राखली म्हणून टिकली. अशा दलदलीच्या खालच्या अंगाला बंधारा घातला तर पाण्याची पातळी चढून श्वास घेणारी मुळं बुडू शकतात. वरच्या अंगाला घातला तर ओल तुटू शकते. दलदल कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे पायाने चाचपडून, भर पावसात आणि पुन्हा एप्रिलमध्ये पाहावं लागतं. तुमच्या ओहोळाच्या वरच्या बाजूला अशी एखादी छोटी, नाव नसलेली राय असेल तर बंधाऱ्याची जागा ठरवण्याआधी तिथे दोन्ही ऋतूंत जाऊन या.

चालण्याचे तोटे लपवण्यात अर्थ नाही. सगळ्यात मोठा तोटा वेळेचा. कामांचे प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीत हलतात, खर्च मार्चअखेर दाखवायचा असतो आणि आपण म्हणतो की ऑक्टोबरपर्यंत थांबा. हे ऐकून ठेकेदार चिडतो, पंच चिडतात. कॅमेरा या घाईला सोयीचा पडतो, आणि त्याची लोकप्रियता काही अंशी तिथूनच येते असं मला वाटतं. दुसरा तोटा ओळखीचा. बेडकांच्या काही जाती दिसायला इतक्या सारख्या की आवाज आणि जाणकार दोन्ही नसतील तर नोंद अर्धवट राहते. एकाला जे दिसतं ते दुसऱ्याला दिसत नाही, म्हणून माणसं बदलत राहिली की आकडे हलतात. मोकळ्या सड्यावर वीज पडण्याची भीती खरी आहे. गडगडाट सुरू झाला की फेरी सोडून खाली उतरायचं, यात तडजोड नको. आणि चालण्यातून वाघ-कोळसुनाबद्दल फार तर पायाचे ठसे आणि विष्ठा मिळते.

दिसलं नाही म्हणजे नाही, ही चूक चालण्यातही होऊ शकते. एखादा प्राणी तिथे असूनही एका फेरीत दिसण्याची शक्यता दहात तीन धरा. पाच फेऱ्या केल्या तरी पाचही कोऱ्या जाण्याची शक्यता साधारण 17 टक्के उरते. दहा फेऱ्या केल्या तर ती 3 टक्क्यांच्या खाली येते. म्हणून दोन फेऱ्यांत काही मिळालं नाही तर समितीच्या टिपणात तसंच लिहा: दोन फेऱ्या केल्या, अमुक तारखांना, दिसलं नाही. नगण्य हा शब्द लिहू नका. कॅमेरेवाल्यांकडूनही हेच लिहून घ्या. कॅमेरे कुठे लावले नाहीत आणि का, हा अहवालातला स्वतंत्र परिच्छेद असला पाहिजे.

मग घ्यायचं कुठलं? दोन्ही परवडत असेल तर वादच नाही. परवडत नसेल तर मी कामाकडे बघून ठरवेन. जागा अभयारण्याला लागून असेल आणि काम कुंपणाचं, पाणवठ्याचं किंवा रस्त्याचं असेल, तर कॅमेरा, आणि त्याबद्दल मनात किंतू नको. जमीन खणायची असेल, पाणी अडवायचं असेल, झाडं लावायची असतील, तर एक पावसाळा चालणं मी तरी सोडणार नाही. गोव्यात गावपातळीवर निघणारी बहुतेक कामं या दुसऱ्या प्रकारची असतात, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे उघड आहे. तुमच्याकडे सडा नसून दाट रान असेल तर तुमचं उत्तर वेगळं येऊ शकतं.

कॅमेऱ्यांसाठी आधीच निधी मंजूर असेल तर तो परत करायची गरज नाही. टीमला काही कॅमेरे कडेच्या रानात लावू द्या आणि मुक्कामाचे थोडे दिवस जूनमध्ये, सड्यावरच्या रात्रीच्या फेरीसाठी मागून घ्या. शिकलेली मुलं असतात, आनंदाने येतात.

आणि यंदाचं काम थांबवणं तुमच्या हातात नसेल, तर निदान ठरावात दोन गोष्टी घालून घ्या. क्रमांक दिलेल्या खळग्यांपासून ठरावीक अंतरात चर किंवा खड्डा पडणार नाही, आणि माथ्यावर जिथे जांभा उघडा आहे तिथे रोपं लागणार नाहीत. खळग्यांना क्रमांक देण्यासाठी मे महिन्यातली एखादी सकाळ आणि रंगाचा एक डबा पुरतो. पाऊस लागायच्या आत ते झालं पाहिजे, कारण त्यानंतर कुठला खळगा कुठे हे पाणी आणि गवत दोन्ही मिळून झाकून टाकतात.